सोडा, पॉप की कोक? अमेरिकेतल्या एका बाटलीची अनेक नावं

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिराला निघालेलं एखादं मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. रस्ता साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा, आणि जवळजवळ सगळा पेनसिल्व्हेनिया राज्य आडवं कापत जाणारा. सकाळी निघताना पेट्रोल पंपावर मुलं गोड, फसफसणारं थंड पेय घेतात, त्याला ते ‘सोडा’ म्हणतात. संध्याकाळी पिट्सबर्गच्या दुकानात त्याच बाटलीचं नाव ‘पॉप’ असतं. वाटेत राज्याची हद्द एकदाच ओलांडली, भाषा इंग्रजीच राहिली, बाटलीवरचं लेबलही बदललं नाही. याच कुटुंबाने पुढे गाडी दक्षिणेला, अटलांटाकडे वळवली, तर तिथे तिसरा शब्द कानावर पडेल: ‘कोक’. आणि तो कोकाकोलापुरता नाही, संत्र्याच्या नाहीतर लिंबाच्या पेयालाही.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. नागपुरात ‘बाजारातून सांबार आण’ म्हणजे कोथिंबीर आण; पुण्याचा माणूस मात्र इडलीसोबतच्या सांबाराचा विचार करत बसतो. पण कोथिंबीर शेकडो वर्षांपासून रानात उगवते आहे. तिला कुठे कोणी काय नाव दिलं, केव्हा दिलं, ते आज शोधून काढणं अवघड. ही बाटली तशी नाही. ती कारखान्यात जन्मली. तिचं पेटंट, तिचं पहिलं दुकान, तिच्यावरून झालेले खटले, सगळ्याची तारीखवार नोंद आहे. एखादा शब्द एखाद्या प्रदेशात कसा रुजतो हे इतक्या जवळून पाहायला मिळण्याची संधी फार कमी वेळा येते, म्हणून मला हा विषय मनापासून आवडतो.

आधी नकाशा, ढोबळमानाने. ईशान्येचा किनारा, म्हणजे न्यूयॉर्क शहर, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, कनेक्टिकट, हा ‘सोडा’चा मुलूख. पश्चिमेला कॅलिफोर्नियाही ‘सोडा’च म्हणतो. मधला मोठा पट्टा ‘पॉप’चा: पिट्सबर्ग, बफेलो, ओहायो, मिशिगन, शिकागो, मिनेसोटा, पुढे मैदानी राज्यं आणि पार वायव्येला सिॲटलपर्यंत. शेजारच्या कॅनडातही पॉपच. आणि दक्षिण, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, टेक्सास, ही ‘कोक’ची.

पण नकाशा इतका सरळ नाही. मिझुरी राज्याच्या एका टोकाला सेंट लुईस आहे, दुसऱ्या टोकाला कॅन्सस सिटी. कॅन्सस सिटी पॉप म्हणते, सेंट लुईस सोडा. सेंट लुईसच्या भोवती पॉप आणि कोक पसरलेले आणि मधे हे सोड्याचं बेट. असंच दुसरं बेट म्हणजे मिलवॉकी. तिथून शिकागो जेमतेम दीडशे किलोमीटरवर, पण मिलवॉकीत सोडा आणि शिकागोत पॉप. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज आणि रॉचेस्टर ही शहरंही साधारण तेवढ्याच अंतरावर आहेत. पहिल्यात सोडा, दुसऱ्यात पॉप. एका शब्दाचा वापर जिथे संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो तिथे भाषाशास्त्रज्ञ नकाशावर एक रेषा ओढतात. तिला आयसोग्लॉस म्हणतात. प्रत्यक्षात ती रेषा नसते, एक पट्टाच असतो, जिथे एकाच घरात दोन्ही शब्द नांदतात.

हे शब्द आले कुठून? ‘सोडा’ आला प्रयोगशाळेतून. 1767 च्या सुमाराला इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली बिअरच्या भट्टीला लागून राहत होता. आंबवणाच्या पिंपांवर जो वायू साचतो तो पाण्यात मुरवला की पाण्याला झणका येतो, हे त्याच्या लक्षात आलं. हाच कार्बन डायऑक्साइड. युरोपात तेव्हा खनिज झऱ्यांचं पाणी औषधी मानलं जाई, आणि तसं पाणी कृत्रिमरीत्या बनवायची खटपट सुरू होती. झऱ्याच्या पाण्यासारखी चव यावी म्हणून त्यात सोडियमचे क्षार घालत, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याचे सख्खे भाऊबंद. म्हणून ते ‘सोडा वॉटर’. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला येल विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारा बेंजामिन सिलिमन न्यू हेवनमध्ये हे पाणी विकू लागला. पुढे न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या औषधांच्या दुकानांत त्याचा चांगला जम बसला.

औषधांच्याच दुकानांत का? कारण ते औषध म्हणून विकलं जात होतं, आणि वायू तयार करण्याची विद्या औषधवाल्यांकडेच होती. संगमरवराच्या चुऱ्यावर गंधकाचं आम्ल ओतलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. न्यूयॉर्कच्या जॉन मॅथ्यूजने 1830 च्या दशकात अशी यंत्रं बनवून विकायला सुरुवात केली. पुढे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल बांधताना जे संगमरवराचे तुकडे उरले ते त्याने या कामासाठी विकत घेतले, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. एका भव्य चर्चचे उरलेले दगड लोकांनी सोड्यातून पिऊन टाकले, ही गोष्ट मला कधीच विसरता आलेली नाही.

औषधवाला त्या पाण्यात हळूहळू फळांची सरबतं मिसळू लागला. काउंटरवर नळ बसले, समोर उंच स्टुलं आली, आणि ‘सोडा फाउंटन’ ही बसायची, गप्पा मारायची जागा झाली. क्षार गळून गेले, साखर आली, नाव मात्र तेच राहिलं. आपल्याकडे उलट घडलं. मराठीत सोडा म्हणजे बिनसाखरेचा, लिंबू पिळून घ्यायचा. म्हणून नवखा मराठी माणूस न्यूयॉर्कमध्ये ‘सोडा’ मागतो आणि हातात गोडमिट्ट पेय येतं. आपला साधा सोडा तिथे ‘क्लब सोडा’ किंवा ‘सेल्ट्झर’ म्हणून मागावा लागतो.

‘पॉप’ची गोष्ट वेगळी. हा शब्द आवाजावरून आला. मोटारसायकलला आपण फटफटी म्हणतो, तशातलंच हे नाव. बूच उडताना ‘पॉप’ होतं, म्हणून पॉप. रॉबर्ट सदी या इंग्रज कवीने 1812 मध्ये लिहिलेल्या एका पत्रात सोडा वॉटर आणि जिंजर बिअर यांच्या मधल्या एका पेयाचा उल्लेख आहे, आणि बूच काढताना होणाऱ्या आवाजावरून त्याला पॉप म्हणतात असा खुलासाही तिथेच आहे. म्हणजे शब्द मुळात इंग्लंडचा.

अमेरिकेच्या मध्यभागात तो इतका घट्ट कसा बसला, हे समजायला त्या काळच्या बाटल्या पाहाव्या लागतात. वायू भरलेल्या पाण्याची मोठी अडचण म्हणजे झाकण. साधं बूच आतल्या दाबाने उडून जातं. लंडनच्या हायरम कॉडने 1872 मध्ये यावर गोटीची युक्ती काढली: बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी, आणि आतला वायूच तिला वर दाबून तोंड बंद ठेवतो. हीच आपली गोटी सोड्याची बाटली. अमेरिकेत मात्र चालली ती दुसरी युक्ती. शिकागोच्या चार्ल्स हचिन्सनने 1879 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यात गोटीच्या जागी रबराची चकती होती आणि चकतीला जोडलेला तारेचा फासा बाटलीच्या तोंडातून वर डोकावत असे. तळहाताने फासा खाली दाबला की चकती सुटायची आणि मोठा आवाज व्हायचा. 1892 मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने आज आपण पाहतो तसं पत्र्याचं कंगोरेदार झाकण आणलं आणि पुढच्या काही वर्षांत हचिन्सनच्या बाटल्या मागे पडल्या. पण तोवर गावोगावी छोटे बाटलीवाले उभे राहिले होते, आणि त्यांच्या बाटल्या आवाज करत उघडत होत्या.

इथे माझं एक मत सांगतो. सोडा हा काउंटरवर, पेल्यातून मिळणाऱ्या पेयाचा शब्द वाटतो आणि पॉप हा बाटलीतून घरी नेण्याच्या पेयाचा. पेल्यातल्या सोड्याचा आवाज होत नाही. जुनी किनारपट्टीची शहरं फाउंटनच्या जमान्यात वाढली. मधला प्रदेश कारखान्यांच्या आणि बाटल्यांच्या जमान्यात. मिलवॉकी आणि सेंट लुईस या हिशेबात बसत नाहीत, हेही खरं. तरी शब्दांच्या वाटणीत पेल्याचा आणि बाटलीचा हात आहे, असं मला वाटतं.

डेट्रॉइटला या शब्दाचा फार अभिमान. तिथे जेम्स व्हर्नरचं जिंजर एल 1866 पासूनचं, आणि फेगो ही कंपनी 1907 ची. फेगो सुरू करणारे फायगनसन बंधू रशियातून आलेले, मूळचे बेकरीवाले. केकवरच्या आयसिंगचे स्वाद त्यांनी बाटलीत आणले. ‘पॉप’ हा शब्द फेगोनेच काढला असं तिथले लोक आवडीने सांगतात. सदीचं पत्र त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचं आहे, तेव्हा तो दावा टिकत नाही. पण डेट्रॉइटच्या एखाद्या आजोबांशी यावरून वाद घालू नये.

आता दक्षिण. तिथल्या हॉटेलातला हा संवाद अमेरिकेत सगळीकडे सांगितला जातो.

‘काय पिणार?’
‘मला एक कोक.’
‘कुठला कोक?’
‘स्प्राइट.’

उत्तरेकडच्या माणसाला हे अजब वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही. एस.टी. स्टँडवर आपण ‘एक बिसलेरी द्या’ म्हणतो आणि मिळेल त्या कंपनीची पाण्याची बाटली घेऊन गाडीत चढतो. कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेली प्रत ‘झेरॉक्स’च असते. वनस्पती तूप म्हणजे ‘डालडा’, कंपनी कुठलीही असो. जी कंपनी आधी पोचते आणि बराच काळ एकटी राहते, तिचं नाव वस्तूचं नाव होऊन बसतं. दक्षिणेत ती कंपनी कोकाकोला होती.

जॉन पेम्बर्टन हा अटलांटाचा औषधवाला. आधी तो वाइनमध्ये कोकाच्या पानांचा अर्क घातलेलं एक टॉनिक विकत असे. 1886 मध्ये अटलांटात दारूबंदी लागू होत होती, तेव्हा त्याने वाइन काढून साखरेचं सरबत केलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात जेकब्स फार्मसीच्या फाउंटनवर ते सोडा वॉटरमध्ये मिसळून विकायला सुरुवात झाली. नाव सुचवलं त्याचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सनने, आणि ते वळणदार अक्षरही त्याचंच. पुढे एसा कँडलरने धंदा विकत घेऊन वाढवला.

मात्र कँडलरचं लक्ष फाउंटनवर होतं, बाटलीवर नव्हे. बाटली आणली दुसऱ्यांनी. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्ग गावचा मिठाईवाला जोसेफ बीडनहार्न याने 1894 मध्ये कोकाकोला बाटलीत भरून विकली, आणि ती बाटली हचिन्सनच्याच झाकणाची होती. म्हणजे कोकाकोलाची पहिली बाटली ‘पॉप’ असा आवाज करत उघडली होती. 1899 मध्ये टेनेसीतल्या चॅटानूगाच्या दोन वकिलांनी देशाच्या बहुतेक भागात बाटल्या भरण्याचे हक्क कँडलरकडून मिळवले. करारात लिहिलेली किंमत होती 1 डॉलर. या वकिलांनी गावोगावच्या लोकांना बाटल्या भरण्याचे हक्क वाटले. दक्षिणेतल्या लहान लहान गावांत, जिथे फाउंटनचं दुकान नव्हतं तिथेही, लाकडी खोक्यांतून या बाटल्या पोचल्या. त्यात दक्षिणेचा उन्हाळा, आणि अनेक ठिकाणी दारूबंदी. 1908 पासून तर सगळ्या जॉर्जियात. थंड बाटली म्हटलं की ती कोकाकोलाचीच, असं एका पिढीच्या मनावर बिंबलं आणि पुढच्या पिढीने शब्द तसाच उचलला.

गंमत अशी की दक्षिणेत इतरही मोठी पेयं जन्मली. डॉ. पेपर 1885 चं, टेक्सासमधल्या वेकोचं, म्हणजे कोकाकोलाहून एक वर्षाने थोरलं. पेप्सी नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यू बर्नची. कॅलेब ब्रॅडहॅम या औषधवाल्याने 1890 च्या दशकात बनवलेली. पण ‘मला एक पेप्सी. कुठली? कोक.’ असं कुणी म्हणत नाही. मात्र नकाशावर एक गोष्ट दिसते. पेप्सीच्या या मूळ राज्यात ‘कोक’चा जोर जॉर्जियाइतका नाही, तिथे ‘सोडा’, ‘सॉफ्ट ड्रिंक’, नुसतं ‘ड्रिंक’ असे शब्द ऐकू येतात.

कंपनीला हा लाडका शब्द आधी मुळीच नको होता. लोक नुसतं ‘कोक’ म्हणाले की दुकानदाराला दुसरंच काही ओतायला मोकळीक मिळते, ही तिची भीती. म्हणून जाहिरातींतून ती बजावत असे: पूर्ण नावाने मागा. भलतंच पेय ओतणाऱ्यांवर तिने पुष्कळ खटले भरले. एक खटला ‘कोक’सारखाच उच्चार असलेलं नाव लावणाऱ्या कंपनीविरुद्धचा, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 1920 मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल कोकाकोलाच्या बाजूने दिला. कोकाकोला हे नाव ऐकून लोकांच्या मनात एका ठिकाणाहून येणारी एकच वस्तू उभी राहते, कोका नावाची वनस्पती नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरी जनता तोंडाने ‘कोक’च म्हणत राहिली. अखेर 1941 मध्ये कंपनीनेच जाहिरातींत तो शब्द घेतला आणि 1945 मध्ये तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवला.

हे महत्त्वाचं का? कारण अमेरिकी कायद्यात एखादं नाव सगळ्यांच्या वापरातलं सामान्य नाम झालं की कंपनीचा त्यावरचा हक्क जातो. ‘ॲस्पिरिन’चा 1921 मध्ये गेला, ‘एस्कलेटर’चा 1950 मध्ये. ‘कोक’चा गेला नाही. जॉर्जियाच्या बोलण्यात तो शब्द कुठल्याही पेयाचा, आणि कायद्याच्या कागदावर एकाच कंपनीचा. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

उरलेले शब्द थोडक्यात. बॉस्टन आणि आसपास जुनी माणसं ‘टॉनिक’ म्हणत. याच मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचं ‘मॉक्सी’ हे कडवट पेय औषध म्हणूनच सुरू झालं होतं, तेव्हा हा शब्द तिथे का शोभला हे समजतं. आणि न्यू ऑर्लीन्समध्ये एक शब्द चालतो तो ऐकून मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल: ‘कोल्ड ड्रिंक’. आपल्या लग्नाच्या पंगतीतलं कोल्ड्रिंक, तेच.

हे सगळं कळलं कसं? 1930 च्या दशकात हान्स कुराथ यांच्या नेतृत्वाखाली अभ्यासक गावोगाव फिरून बोलीचे नकाशे करू लागले. 1965 ते 1970 या काळात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रेडरिक कॅसिडी यांनी प्रादेशिक शब्दांच्या कोशासाठी कार्यकर्ते पाठवले. ते राहण्याची सोय असलेल्या गाड्या घेऊन 1,002 गावांत गेले आणि मुख्यतः वयस्कर लोकांना शेकडो प्रश्न विचारत बसले. 2002 च्या सुमाराला हार्वर्डमधून बर्ट वॉक्स यांनी इंटरनेटवरून 30 हजारांवर लोकांची उत्तरं गोळा केली. त्यात निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी ‘सोडा’ सांगितलं, सुमारे पाव लोकांनी ‘पॉप’, आणि साधारण 12 टक्क्यांनी ‘कोक’.

आता हे आकडे नकाशाशी ताडून पाहा. रंगवलेल्या नकाशात पॉपचा पट्टा अफाट दिसतो, सोडा दोन किनाऱ्यांना चिकटलेला. मग सोडा निम्म्याहून जास्त कसा? कारण नकाशा जमीन मोजतो, माणसं नाही. मोन्टाना राज्य न्यू जर्सीच्या पंधरापटीहून मोठं, पण न्यू जर्सीत माणसं कितीतरी जास्त. कॅसिडींच्या कोशात म्हणूनच नकाशे मुद्दाम वेडेवाकडे काढलेत: दाट वस्तीचं राज्य फुगवलेलं, विरळ वस्तीचं आक्रसलेलं. कुठलाही रंगीत नकाशा समोर आला, मग तो शब्दांचा असो की निवडणुकीचा, की मी आधी हेच पाहतो. इंटरनेटच्या पाहणीतली दुसरी उणीव म्हणजे उत्तर देणारे आपणहून आलेले असतात, निवडलेले नसतात. तरी कॅसिडींची माणसं आणि इंटरनेट, दोन्हींतून सीमा साधारण त्याच जागी निघतात, म्हणून नकाशावर विश्वास ठेवता येतो.

शब्द स्थिर नाहीत. बॉस्टनमध्ये ‘टॉनिक’ची जागा ‘सोडा’ने घेतली, आता तो शब्द आजी-आजोबांच्या तोंडी उरलाय. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस ही दोन्ही शहरं सोडा म्हणतात आणि टीव्हीचे बहुतेक कार्यक्रम तिथूनच येतात, याचाही सोड्याला फायदा. पण पॉप सहज सोडणाऱ्यातला नाही. 2017 मध्ये गोड पेयांवर कर आला तेव्हा फिलाडेल्फियात त्याला ‘सोडा टॅक्स’ म्हणत होते. त्याच वर्षी शिकागोच्या कुक काउंटीत तसाच कर लागला, लोक संतापले आणि चार महिन्यांत तो रद्द झाला. त्याला लोक ‘पॉप टॅक्स’ म्हणत.

अमेरिकेतल्या मराठी घरांत या शब्दांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो इंग्रजीत नाहीच. न्यू जर्सीच्या घरात ‘आई, सोडा संपला’ म्हणायला काही अडत नाही, कारण सोडा मराठीत आधीपासून पुल्लिंगी. पण पिट्सबर्गच्या मुलाने काय म्हणायचं? पॉप संपला, की पॉप संपलं?